'सिक्युरिटी' म्हणजे नेमकं कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. गेटजवळच्या केबिनमध्ये खुर्चीवर मान टाकून झोपलेला माणूस, टोपी मांडीवर, समोर एंट्रीचं रजिस्टर उघडं. खाली मजकूर होता: 'रात्री अडीच वाजता सिक्युरिटी झोपली आहे. आपण मेंटेनन्स कशाचा भरतो?' पाचच मिनिटांत दुसऱ्या विंगमधून उत्तर आलं: 'परवासुद्धा सिक्युरिटी झोपलेला होता.' मग अंगठे, रागावलेले लाल चेहरे आणि 'एजन्सी बदला'चा धोशा.

मी त्या दोन वाक्यांपाशीच अडकले. पहिल्यात सिक्युरिटी झोपली, दुसऱ्यात सिक्युरिटी झोपलेला. माणूस एकच. आणि गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं कानाला खटकत नाहीत. 'एअरपोर्टवर सिक्युरिटी वाढवली' म्हणताना हा शब्द स्त्रीलिंगी असतो, 'सुरक्षा'सारखा. 'खाली सिक्युरिटी आहे, त्याच्याकडे पार्सल ठेव' म्हणताना तो पुल्लिंगी होतो. बाई असेल तर 'लेडीज सिक्युरिटी'. अनेकवचन तर होतच नाही. 'दोन सिक्युरिटी ठेवल्या' आणि 'दोन सिक्युरिटी ठेवले', दोन्ही ऐकू येतं. म्हणजे समोर माणूस आहे की सोय, हे आपल्या व्याकरणाने अजून ठरवलेलं नाही.

इंग्रजीत असं होत नाही. तिथे 'कॉल सिक्युरिटी' म्हटलं तर ते बोलावणं अख्ख्या पथकाला असतं. एकटा माणूस असेल तर तो 'गार्ड'. 'अ सिक्युरिटी' असं एकवचनी म्हटलं, तर इंग्रजी बोलणाऱ्याला शेअर किंवा कर्जरोखा आठवेल. एका माणसाला, आणि तेही हाक मारताना, 'ओ सिक्युरिटी' म्हणणं ही आपल्याकडची भर आहे. भाषा उसने शब्द असे वळवून घेतेच, त्यात चूक काही नाही. पण वळवताना आपण काय निवडलं आणि काय गाळलं, हे पाहायला हवं. मला ते पाहावंसं वाटण्याचं एक कारण घरचं आहे. माझे बाबा एकवीस वर्षं सिक्युरिटीत होते.

निश्चिंत, निर्धास्त, बेफिकीर

आधी शब्दाचं मूळ. इंग्रजी 'सिक्युअर' आला लॅटिन 'सेक्युरस'वरून. त्यातला 'से' म्हणजे वाचून, विना. आणि 'कुरा' म्हणजे काळजी. काळजीविना असलेला, तो सेक्युरस. याच 'कुरा'पासून 'क्युअर' म्हणजे उपचार आला, संग्रहालयातल्या वस्तूंची निगा राखणारा 'क्युरेटर' आला. 'शुअर' हा रोजचा शब्दही 'सिक्युअर'चाच भाऊ. तो फ्रेंचमधून झिजून आला, एवढाच फरक.

म्हणजे शब्दाच्या मुळात कुलूप नाही, भिंत नाही, काठी घेतलेला माणूस नाही. एक मनःस्थिती आहे. मराठीत 'सेक्युरस'चं शब्दशः भाषांतर करायचं तर ते 'सुरक्षित' होणार नाही, 'निश्चिंत' होईल. 'निश्चिंत' म्हणजे चिंतेविना. 'निर्धास्त' म्हणजे धास्तीविना. आणि फारसी वळणाने आलेला 'बेफिकीर' म्हणजे फिकिरीविना. तिन्हींची घडण तीच: एखादी काळजी घ्यायची आणि मागे नकार लावायचा.

पण हे तीन शब्द आपण एकाच सुरात वापरत नाही. 'निश्चिंत राहा' हा दिलासा आहे. 'निर्धास्त जा' यात पाठीवर हात आहे. 'बेफिकीर आहेस' हा मात्र ठपका आहे. काळजी नसणं कधी सुख असतं आणि कधी दोष, हे मराठीने वेगवेगळे शब्द ठेवून सांगितलं. इंग्रजीत एकेकाळी हे दोन्ही अर्थ 'सिक्युरिटी' या एकाच शब्दात राहत होते. शेक्सपिअरच्या काळात या शब्दाला गाफीलपणाची छटा होती. 'मॅकबेथ'मध्ये तो त्याच अर्थाने येतो आणि राजाचा घात तिथूनच सुरू होतो. पुढे ती छटा इंग्रजीतून पुसली गेली, दिलासा तेवढा उरला.

मला वाटतं, ती पुसलेली छटा आमच्या ग्रुपवर अजून जिवंत आहे. आपण निश्चिंत आहोत असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा आपण बेफिकीर असतो.

जागणाऱ्याची नावं

हे काम करणाऱ्यांना आधी काय म्हणायचे? यादी मोठी आहे. गावगाड्यात 'जागल्या' होता: जो जागतो तो. 'पहारेकरी' आला पहाऱ्यावरून, आणि पहारा आला 'प्रहरा'वरून: जो आपला प्रहर सांभाळतो तो. 'चौकीदार' चौकीवरून, म्हणजे जागेवरून. 'राखणदार' राखण्यावरून, म्हणजे कामावरून. इंग्रजी 'वॉचमन'सुद्धा याच रांगेतला. 'वॉच' आणि 'वेक' हे एकाच घरातले शब्द आहेत, त्यामुळे वॉचमन म्हणजे मुळात जागा राहणारा माणूस. इंग्रजी वॉचमन आणि मराठी जागल्या एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोन्ही भाषांनी त्या माणसाकडे पाहून तेच टिपलं: हा रात्री झोपत नाही.

ही सगळी नावं त्या माणसाबद्दल काहीतरी सांगतात. तो काय करतो, किती वेळ करतो, कुठे उभा असतो. 'सिक्युरिटी' हे त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. त्याच्या तिथे असण्याने आपल्याला काय मिळतं, तेवढं सांगतं. दुधवाल्याला 'दूधवाला' न म्हणता 'तृप्ती' म्हणावं, तसं हे आहे. जुनी नावं त्याच्या जागण्याची होती. हे नाव आपल्या झोपेचं आहे.

जुनं सगळं चांगलं होतं असं मात्र मला म्हणायचं नाही. जागल्याचं काम जातीला चिकटलेलं होतं, ते निवडून घेता येत नव्हतं आणि सोडताही येत नव्हतं. रामोशी म्हटलं की गस्त आणि गस्त म्हटली की रामोशी, हे समीकरण एका अख्ख्या समाजावर लादलेलं होतं. मुंबईत तर 'गुरखा' हा एका लोकसमूहाचा शब्द आपण सरळ नोकरीचा करून टाकला. मग तो माणूस नेपाळचा असो वा नसो. तेव्हा जुन्या शब्दांत त्याचं काम दिसत होतं हे खरं, पण त्या कामातून सुटका नव्हती हेही खरं.

आणि इथेच माझ्या म्हणण्याला घरातून पहिला विरोध होतो.

बाबांना 'वॉचमन' आवडत नसे

बाबा गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि दोनेक वर्षांत, १९८२ च्या जानेवारीत, संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यांतले किती परत कामावर गेले आणि किती गावाला, फेरीवर, रिक्षावर किंवा गेटवर गेले, याची कहाणी मुंबईला ठाऊक आहे. बाबा सगळं थोडं थोडं करून शेवटी गेटवर आले.

मी पाचवीत असताना शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी 'वॉचमन' लिहिलं. बाबांनी ते खोडलं आणि वर 'सिक्युरिटी' लिहिलं. मी विचारलं, काय फरक आहे? ते म्हणाले, "वॉचमनला गाड्या धुवायला लावतात."

हे उत्तर मला खूप वर्षं पुरलं. वॉचमन पाण्याचा पंप चालू करायचा, कुणाची भाजी आणून द्यायचा, जिन्याखाली राहायचा आणि दिवाळीला पोस्त मागायचा. सिक्युरिटीला गणवेश होता, टोपी होती, खांद्यावर एजन्सीचा बिल्ला होता, ठरलेली ड्यूटी होती. गावाला 'मी सिक्युरिटीत आहे' म्हणताना बाबांची मान थोडी वर असायची. 'सिक्युरिटीत' हा सप्तमीचा प्रयोग पाहा: पोलिसात, रेल्वेत, मिलिटरीत, तसा सिक्युरिटीत. त्या एका 'त'मुळे माणूस कुठल्या तरी मोठ्या गोष्टीचा भाग होतो.

म्हणजे एकाच शब्दाचे दोन वापर आहेत. गेटच्या आतले लोक म्हणतात, 'हा सिक्युरिटी आहे.' गेटवरचा माणूस म्हणतो, 'मी सिक्युरिटीत आहे.' पहिल्यात माणूस वस्तू होतो, दुसऱ्यात नोकरदार. माझी तक्रार पहिल्याबद्दल आहे. दुसरा शब्द बाबांनी कमावलेला आहे, तो मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही.

पण कमावलेल्या शब्दाने दिलं काय? बाबांची ड्यूटी कागदावर आठ तासांची होती आणि रजिस्टरवर बारा. एका एजन्सीने दोन वर्षं पगारातून पीएफ कापला, तो खात्यावर कधी दिसला नाही. एजन्सी बंद झाली आणि त्याच मालकाची दुसऱ्या नावाने सुरू झाली. गणवेशाचे पैसेही पगारातूनच कापले गेले. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातात गणवेशाचे तीन जोड होते.

कायद्याच्या नावात कोण आहे?

याबाबतीत महाराष्ट्राकडे एक चांगली गोष्ट आहे आणि ती फार कमी सोसायट्यांना माहीत असते. १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी राज्याने कायदा केला, मंडळ स्थापलं. त्याच धर्तीवर १९८१ मध्ये 'महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम' आला. त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं उभी राहिली. रक्षक मंडळाकडे नोंदवायचा, मंडळ त्याला कामावर पाठवणार, आणि मालकाने पगारासोबत जादा लेव्ही भरायची, ज्यातून रक्षकाचे पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस यांसारखे लाभ निघतील. एजन्सीला सूट हवी असेल तर तिथल्या रक्षकांना मिळणारे लाभ मंडळापेक्षा कमी नकोत, अशी त्यामागची कल्पना.

२००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याचं नाव 'खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम'. त्यात एजन्सीला परवाना, मालकाची पात्रता, रक्षकाचं प्रशिक्षण, पडताळणी असा भर आहे.

कायदा नुसत्या नावावरून जोखू नये, हे मान्य. पण मी भाषेवर लिहिते आहे, म्हणून दोन्ही नावं शेजारी ठेवून वाचते. १९८१ च्या नावात 'रक्षक' आहे आणि 'कल्याण' आहे. २००५ च्या नावात 'एजन्सी' आहे आणि 'नियमन' आहे. दोन्हींत 'सुरक्षा' आहेच. चोवीस वर्षांत शब्द तोच राहिला, पण त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस नावातून निघून गेला. आमच्या ग्रुपवरही कुणी 'रक्षक बदला' म्हटलं नव्हतं. 'एजन्सी बदला' म्हटलं होतं.

अनामत आणि मिसा

एकदा कान उघडा ठेवला की हा शब्द सगळीकडे सापडतो, आणि प्रत्येक ठिकाणी 'काळजी कुणाची गेली आणि कुणाकडे आली' हा प्रश्न विचारता येतो.

भाड्याच्या घराचं 'सिक्युरिटी डिपॉझिट' घ्या. ते भरल्यावर घरमालक निश्चिंत होतो आणि भाडेकरूला घोर लागतो. माझ्या एका घरमालकाने रंगाचे आणि एका नळाचे म्हणून त्यातले निम्मे कापले होते. मराठीत यालाच 'अनामत' म्हणतात, अरबी 'अमानत'वरून: विश्वासाने सोपवलेली ठेव. इंग्रजी शब्द म्हणतो, तुझा भरवसा नाही म्हणून हे घेतो. मराठी शब्द म्हणतो, भरवसा आहे म्हणून हे देतो. व्यवहार एकच. निवडणुकीत वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर उमेदवाराची अनामत जप्त होते, तेव्हा तो विश्वास मतदारांनी परत घेतलेला असतो. इथे मला मराठी शब्द जास्त नेमका वाटतो.

शेअर बाजारातल्या 'सिक्युरिटीज'बद्दल थोडक्यात. 'सेबी'मधला 'स' याच शब्दाचा. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी एक आवाज बाजारातल्या जोखमीचा इशारा देतो. म्हणजे नाव निश्चिंतीचं आणि इशारा धास्तीचा. अमेरिकेतल्या गृहकर्जांवर बेतलेल्या सिक्युरिटीज कोसळल्या आणि २००८ मध्ये जग मंदीत गेलं, तेव्हा या नावाची पुरती शोभा झाली.

राज्यसंस्थेच्या तोंडी हा शब्द आला की तो आणखी एक गंमत करतो: आद्याक्षरांत लपतो. १९७१ च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याला आपण 'मिसा' म्हटलं. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंगात गेलेल्यांना 'मिसाबंदी' म्हणतात. त्यात सुरक्षा हा शब्द आहे हे कुणाला जाणवतही नाही. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचं 'रासुका' झालं. लोकांनी ही नावं मुद्दाम चेपली असतील असं नाही, पण कान शहाणे असतात. ज्या गोष्टीने रात्री दारावर थाप पडते, तिला सुरक्षा म्हणायला जीभ वळत नसावी. २०२५ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हाही वाद होता तो व्याख्येवर. सरकार म्हणत होतं, हे माओवादी संघटनांसाठी आहे. विरोधक म्हणत होते, 'बेकायदेशीर कृत्य' इतकं सैल लिहिलंय की त्यात कुणीही बसेल. शब्दाच्या अर्थावरून विधिमंडळ भांडतं, तेव्हा भाषेची टीका हा रिकामपणचा उद्योग राहत नाही.

हा शब्द नेहमी धाकाचाच असतो असं नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत 'सोशल सिक्युरिटी'चा कायदा झाला. म्हातारपणी दोन वेळचं जेवण कुठून येईल ही काळजी एकट्या माणसाच्या डोक्यावरून काढून सगळ्यांनी मिळून उचलायची, ही त्यातली कल्पना. लॅटिन 'कुरा'च्या सर्वांत जवळ जाणारा वापर हाच. आपल्याकडे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तोच अर्थ आहे: दरमहा माणशी पाच किलो धान्य, आणि त्यापुरती चुलीची निश्चिंती.

तुमच्या सुरक्षेसाठी

हे वाचताना तुमच्या हातात फोन असेल. त्यात दिवसातून किती वेळा 'तुमच्या सुरक्षेसाठी' येतं, मोजून पाहा. तुमच्या सुरक्षेसाठी हा कॉल रेकॉर्ड होतोय. तुमच्या सुरक्षेसाठी लोकेशन चालू करा. तुमच्या सुरक्षेसाठी पुन्हा लॉग-इन करा. या वाक्यांत कर्ता सापडत नाही. कोण रेकॉर्ड करतंय, कुणासाठी, किती दिवस ठेवणार, ते नसतंच. 'तुमच्या' एवढं मात्र ठळक असतं.

ब्राउझरमधलं ते छोटं कुलूप आठवतंय? २०२३ मध्ये गूगलने क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून ते काढलं. कारण लोक त्याचा अर्थ चुकीचा लावत होते. कुलूप एवढंच सांगत होतं की तुमच्यापासून साइटपर्यंतचा रस्ता बंदिस्त आहे, मधल्या मधे कुणी वाचणार नाही. रस्त्याच्या टोकाला बसलेला माणूस चोर नाही, असं ते म्हणतच नव्हतं. फसवणाऱ्या साइटवरही कुलूप असायचं. लोकांनी रस्त्याच्या खात्रीला माणसाची खात्री समजलं.

फोनवरून फसवणारेही याच शब्दाने सुरुवात करतात. 'तुमच्या खात्याच्या सुरक्षेसंदर्भात बोलतोय.' चोराला दारातून आत घेणारा परवलीचा शब्द जर कुठला असेल तर तो हाच, कारण तो ऐकला की आपण जुन्या अर्थाने 'सिक्युअर' होतो. म्हणजे गाफील.

रिलीव्हर

त्या फोटोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. केबिनमधले काका चहा घेत होते. विचारल्यावर कळलं की आदल्या दिवशी सकाळी आठला त्यांची ड्यूटी सुरू झाली, रात्री आठला त्यांचा रिलीव्हर आलाच नाही. सुपरवायझरने 'डबल कर' म्हणून सांगितलं. अडीच वाजता फोटो काढला तेव्हा त्यांचे साडेअठरा तास झाले होते. पॉइंट सोडून गेले असते तर हजेरी कापली गेली असती.

मी हे ग्रुपवर लिहिलं. त्यांचं नाव घालून लिहिलं. इथे लिहीत नाही. आणि 'एजन्सी कोणती आणायची' या चर्चेत मंडळाचाही एक पर्याय आहे, हे सांगितलं. तीन अंगठे आले. एकाने विचारलं, 'लेव्हीने मेंटेनन्स किती वाढेल?' प्रश्न रास्त आहे. हिशोब करून मांडते, असं मी म्हटलं आहे. पुढच्या सभेत मांडेन.

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "आज आला का त्याचा रिलीव्हर?"

हा आमच्या घरातला फार जुना शब्द. लहानपणी बाबांना उशीर झाला की आई ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, रिलीव्हर आला नसेल. जागणाऱ्या माणसाला काळजीतून सोडवणारा तोच एक असतो. गेटवर उभ्या माणसाची सिक्युरिटी कोण, असं मला कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगेन. मी बाबांना म्हटलं, बघून सांगते, आणि गॅलरीत गेले. खाली केबिनमध्ये दोघं जण दिसत होते. एक जण टोपी काढत होता.